यादवी युद्ध आणि वृत्तपत्रे
(नभोवाणीवरील भाषण)

घरच्या लढाईला आपल्या भाषेने ‘यादवी’ असे नाव दिले आहे. प्रभासक्षेत्री यादवकुळाचा आपसांत लढून नाश झाला, त्या कथेवरून हा शब्द आला. परक्याशी होणारे युद्ध कितीही भयंकर असले तरी त्यात एक सोय असते. शत्रू पलीकडच्या तीरावर असतो आणि आपण सारे अलीकडच्या. यादवीत ती सोय नसते. तेथे शत्रूची भाषा आपलीच असते, देव तेच असतात आणि कित्येकदा आडनावही तेच असते. अशा वेळी जो मनुष्य वार्ता सांगण्याचे काम पत्करतो, त्याची अवस्था काय होत असेल? त्याने खरे सांगावे की आपल्या बाजूचे सांगावे? आणि खरे सांगितले, तर ऐकणारे ते ऐकून घेतात काय? ह्या प्रश्नांचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्या परंपरेतला पहिला युद्धवार्ताहर संजय, ही गोष्ट वरचेवर सांगितली जाते. परंतु त्यातील दोन बारकावे सहसा कोणी लक्षात घेत नाही. भीष्मपर्वात संजय दहा दिवसांच्या युद्धानंतर रणांगणावरून धृतराष्ट्राकडे येतो आणि प्रथम सांगतो ते हे की, भीष्म पडले. कोण कोठे उभा होता, शंख कोणी फुंकले, हे सारे तो मागाहून सांगतो. मुख्य वार्ता आधी आणि तपशील नंतर, ही आजच्या वृत्तपत्रांची रीत त्यात दिसते. दुसरा बारकावा अधिक मोलाचा आहे. संजय हा धृतराष्ट्राचा सेवक होता. तरीही पराभवाची वार्ता त्याने गोड करून सांगितली नाही. इतकेच नव्हे, तर हा दोष मूळचा तुमचाच आहे, असेही त्याने राजाला पुनःपुन्हा ऐकविले. धृतराष्ट्राला ते रुचले नाही, पण त्याने संजयाला हाकलून दिले नाही.

संजयाचा श्रोता एकच होता. जेव्हा असे लक्षावधी श्रोते असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा पुत्र रणांगणावर असतो, तेव्हा काय होते? त्याचे उत्तर पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1861 ते 1865 ह्या काळात झालेल्या यादवीकडे वळावे लागते.

त्या युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते. सुमारे चाळीस लक्ष माणसे त्या देशात दुसऱ्यांची मालमत्ता म्हणून जगत होती. अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आल्यावर दक्षिणेकडील अकरा राज्यांनी एकामागून एक संघराज्यातून फुटून आपले स्वतंत्र राज्य पुकारले. 12 एप्रिल 1861 रोजी सम्टर किल्ल्यावर पहिला तोफगोळा पडला. पुढील चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले, आणि त्यांतील बहुतेकांना शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच नेले.

ह्या युद्धाच्या आधीच्या तीस वर्षांत अमेरिकेतील वृत्तपत्रसृष्टी पार पालटून गेली होती. 1833 मध्ये न्यू यॉर्क येथे एका सेंटला मिळणारे ‘सन’ निघाले आणि वृत्तपत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून कारागिराच्या हाती आले. मागोमाग बेनेट ह्यांचे ‘हेरल्ड’, होरेस ग्रीली ह्यांचे ‘ट्रिब्यून’ आणि 1851 मध्ये हेन्री रेमंड ह्यांचे ‘टाइम्स’ निघाले. 1844 मध्ये मोर्सने विद्युत्तारेने संदेश धाडून दाखविला. दोनच वर्षांनी न्यू यॉर्कमधील पत्रांनी तारांचा खर्च वाटून घेण्यासाठी ‘असोसिएटेड प्रेस’ ही संस्था उभारली. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या देशात चार हजारांच्या आसपास नियतकालिके निघत होती. एकट्या ‘हेरल्ड’ने साठएक वार्ताहर सैन्याबरोबर धाडले. लढाई सायंकाळी संपावी आणि दुसऱ्या दिवशी तिची हकीकत शेकडो कोसांवरच्या न्याहारीच्या टेबलावर यावी, असा प्रकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर जगात पूर्वी कोठे घडला नव्हता.

आमच्याकडे माळव्यात, माझ्या लहानपणी पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे रेल्वेने दुसऱ्या दिवशी येत आणि एकच अंक वाड्यातली सात घरे फिरे. त्या शिळ्या वार्तेचीही केवढी ओढ असे, हे ज्यांनी अनुभविले आहे, त्यांना त्या अमेरिकन घरांतील उत्कंठेची थोडी कल्पना येईल. तेथे तर अंकात मृतांच्या आणि जखमींच्या नावांची यादी असे. बायामाणसे अंक उघडीत ती त्या पानापासून.

आता ह्या सामर्थ्याचा पहिला उपयोग काय झाला ते पाहा. जून 1861 च्या अखेरीस ग्रीली ह्यांच्या ‘ट्रिब्यून’ने दररोज एक घोषणा छापण्यास आरंभ केला. दक्षिणेची राजधानी रिचमंड. तेथे 20 जुलै रोजी बंडखोरांची विधिसभा भरू देता कामा नये, त्याआधीच सैन्याने रिचमंड घ्यावे, असा तिचा आशय होता. इतर पत्रांनी तोच सूर धरला. सैन्य अद्याप कवाईत शिकत होते. बरेचसे शिपाई तीन महिन्यांच्या बोलीवर आले होते. सेनापतींना अवधी हवा होता, पण लोकांना आणि लोकांच्या नावाने बोलणाऱ्या संपादकांना तो द्यावयाचा नव्हता. 21 जुलै रोजी बुल रन ह्या ओढ्याकाठी लढाई झाली आणि उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडाली. दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ पाच हजार सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

पराभव एकट्या वृत्तपत्राने घडविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारवर अन्य दडपणेही होती. खुद्द ग्रीली ह्यांनी ती घोषणा आपण लिहिली नसल्याचे पुढे सांगितले, आणि ते खरेही होते. ती त्यांच्या वार्ताहराची होती. परंतु संपादकाच्या नावाने जे छापले जाते त्याचे उत्तरदायित्व त्याच्या शिरावर येतेच. ग्रीली त्या धक्क्याने आजारी पडले. लेखणीच्या एका फटकाऱ्याने इतरांचे पुत्र रणात धाडता येतात, परत आणता येत नाहीत, हे ज्ञान त्यांना फार उशिरा झाले.

त्याच लढाईत आणखी एक गोष्ट घडली. ‘टाइम्स’चे रेमंड स्वतः रणभूमीवर होते. दुपारपर्यंतचे चित्र पाहून त्यांनी विजयाची वार्ता धाडून दिली. संध्याकाळी सैन्य पळत सुटले तेव्हा सरकारने वॉशिंग्टनहून पराभवाच्या तारा जाऊ दिल्या नाहीत. परिणाम असा झाला की, दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू यॉर्कच्या लोकांनी विजयाचे मथळे वाचले आणि त्याच वेळी पराभूत शिपाई पावसात भिजत, पाय ओढीत वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर येत होते. वार्ताहराची घाई आणि सरकारची कात्री, ह्या दोन दोषांचा संगम झाला म्हणजे असत्य कसे जन्माला येते, ह्याचा हा नमुना होय. त्यात कोणी एक जण जाणूनबुजून खोटे बोलला नव्हता.

सत्य लिहिणाऱ्याचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल त्या दिवशी तेथेच होते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याची दुर्दशा उघडी करून त्यांनी नाव मिळविले होते. 1858 साली ते आपल्या देशातही आले होते. लखनौची लढाई त्यांनी पाहिली आणि आपल्याच देशबांधवांनी केलेल्या सूडाच्या कृत्यांविषयी नापसंती लिहून ठेवली. बुल रनच्या पळापळीचे त्यांनी जे दिसले तसे वर्णन केले. ते लंडनला छापून अमेरिकेत परत आले तेव्हा लोक त्यांच्यावर खवळले. ‘बुल रन रसेल’ असे कुचेष्टेचे नाव त्यांना पडले, धमकीची पत्रे आली, आणि 1862 मध्ये सैन्याबरोबर जाण्याची परवानगी नाकारली गेल्यावर ते स्वदेशी परतले. हस्तिनापुरात जे घडले नाही, ते वॉशिंग्टनमध्ये घडले. संजयाला निरोप देण्यात आला.

मात्र, श्रोतेहो, सेनापतींची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दक्षिणेचे सेनापती ली उत्तरेची वृत्तपत्रे मुद्दाम मिळवून वाचीत, कारण त्यांत पलटणींची नावे, त्यांचे तळ आणि कूच करण्याचे दिवस आयते सापडत. सेनापती शर्मन ह्यांचा वार्ताहरांवरील राग प्रसिद्ध आहे. त्या रागाला कारणही होते. 1861 च्या अखेरीस एका वृत्तपत्राने ते वेडे झाल्याचे छापले होते. पुढे ‘हेरल्ड’च्या टॉमस नॉक्स ह्या वार्ताहराने शर्मन ह्यांची बंदी मोडून सैन्याबरोबर प्रवास केला आणि विक्सबर्गजवळच्या त्यांच्या पराभवाची कडक, परंतु काही ठिकाणी चुकीची हकीकत छापली. शर्मन ह्यांनी 1863 मध्ये त्याला लष्करी न्यायालयापुढे उभे केले. हेरगिरीचा आरोप टिकला नाही. आज्ञाभंगाबद्दल मात्र त्याला सैन्याच्या हद्दीबाहेर घालविण्यात आले. लिंकन ह्यांनी मध्यम मार्ग काढला: सेनापती ग्रँट ह्यांची संमती असेल तर नॉक्सने परत यावे. ग्रँट म्हणाले, शर्मन ह्यांची हरकत नसेल तर माझी नाही. आणि शर्मन ह्यांनी साफ नकार दिला.

सेनापती मीड ह्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वार्ताहराने, मीड माघार घेण्याच्या विचारात होते, अशा अर्थाचे लिहिले. ते खरे नव्हते. मीड ह्यांनी त्याच्या अंगावर ‘बदनामी करणारा’ असा फलक लावून, त्याला जनावरावर उलट्या तोंडाने बसवून छावणीतून मिरविले. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढीत, तसाच हा प्रकार! मग वार्ताहरांनी संगनमत केले आणि पराभवाचा प्रसंग सोडून मीड ह्यांचे नाव छापावयाचे नाही असे ठरविले. ज्या वीराने गेटिसबर्गची लढाई जिंकली होती, त्याचे नाव वाचकांच्या दृष्टीआड झाले. येथे चुकले कोण? वार्ताहर चुकला, सेनापती चुकला, आणि सूड घेणारे इतर वार्ताहरही चुकले. या तिघांच्या चुकीचा दंड भरला तो वाचकाने, कारण त्याला मिळावयाची खरी वार्ता मिळाली नाही.

ह्या भांडणातून एक चांगली गोष्टही निघाली. 1863 च्या एप्रिलमध्ये सेनापती हुकर ह्यांनी आज्ञा काढली की, वार्ताहराने आपल्या मजकुराखाली आपले नाव घालावे. हेतू धाक बसविण्याचा होता. पण लिहिणाऱ्याने लिहिल्या शब्दाला स्वतः उत्तरदायी असावे, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. निनावी वार्ता आणि सही केलेली वार्ता ह्यांतील अंतर आजच्या काळात, हातातील दूरध्वनीवर कोणाचा कोण जाणे असा मजकूर क्षणाक्षणाला येत असताना, आपणांस अधिकच जाणवते.

अशा निनावी मजकुराचा एक मासला सांगतो. 18 मे 1864 च्या पहाटे, अंक छापावयास जाण्याच्या ऐन घटकेला, न्यू यॉर्कच्या वृत्तपत्र कचेऱ्यांत एक कागद आला. असोसिएटेड प्रेसच्या तारा ज्या पातळ कागदावर येत, तसाच तो कागद होता. अध्यक्ष लिंकन ह्यांनी आणखी चार लक्ष सैनिकांची भरती पुकारली आहे आणि राष्ट्राने उपवासाचा दिवस पाळावा असे सांगितले आहे, असा तो जाहीरनामा. बहुतेक कचेऱ्यांनी चौकशी केली, संशय येऊन तो बाजूला ठेवला. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ ह्या दोन पत्रांनी मात्र तो छापला. तो साफ बनावट होता. जोसेफ हॉवर्ड नावाच्या एका पत्रकारानेच तो रचला होता. अशी वार्ता पसरली की सोन्याचा भाव चढेल आणि आपल्याला पैसे करता येतील, एवढाच त्याचा हेतू! लिंकन ह्यांनी संतापून दोन्ही कचेऱ्या लष्कराकरवी बंद करविल्या. संपादक फसले होते, लबाड नव्हते, हे उघडकीस आल्यावर थोड्याच दिवसांत पत्रे पुन्हा सुरू झाली आणि हॉवर्डची तुरुंगात रवानगी झाली.

लिंकन ह्यांचे ह्या बाबतीतले वर्तन निर्दोष होते असे नाही. त्यांच्या कारकिर्दीत संपादकांना अटक झाली, पत्रे बंद पडली, तारायंत्रावर युद्धखात्याची नजर बसली. पण दुसरी बाजूही आहे. 1863 च्या जूनमध्ये सेनापती बर्नसाइड ह्यांनी ‘शिकागो टाइम्स’ हे सरकारवर जहरी टीका करणारे पत्र बंद केले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिंकन ह्यांनीच ती आज्ञा रद्द केली. राज्य वाचविण्यासाठी स्वातंत्र्य किती आखडावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न त्यांना सुटला होता असे नाही. परंतु तो प्रश्न आहे हे ते विसरले नव्हते.

लिंकन आणि ग्रीली ह्यांचा पत्रव्यवहार तर वृत्तपत्राच्या इतिहासात कायमचा नमूद झाला आहे. 1862 च्या ऑगस्टमध्ये ग्रीली ह्यांनी वीस दशलक्ष लोकांच्या वतीने अध्यक्षांना एक अनावृत पत्र लिहिले: गुलामांना मुक्त करण्यास आपण कचरता का? राष्ट्राच्या अध्यक्षाने एका संपादकाला उत्तर देण्याचे काही कारण नव्हते. लिंकन ह्यांनी ते दिले आणि वृत्तपत्रातूनच दिले. संघराज्य वाचविणे हे माझे अधिकाराचे कर्तव्य, आणि सर्व माणसे सर्वत्र मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा, असा त्याचा सारांश. गंमत ही की, मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्या वेळी तयार होता. महिन्यापूर्वीच तो मंत्रिमंडळापुढे वाचला गेला होता. पुढे 22 सप्टेंबरला ती घोषणा प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी लोकमताची भूमी नांगरण्याचे काम लिंकन ह्यांनी त्या उत्तराने करून घेतले.

दक्षिणेकडील वृत्तपत्रांची कहाणी निराळी आहे. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केल्यावर तेथे कागद मिळेना, शाई मिळेना. मेंफिसचे ‘अपील’ हे पत्र शत्रू जवळ आला की छापखाना उचलून दुसऱ्या गावी जाई. ग्रेनाडा, जॅक्सन, अटलांटा, मंटगमरी अशा गावोगावच्या बिऱ्हाडांतून त्याने जवळजवळ तीन वर्षे काढली. मिसिसिपीकाठच्या विक्सबर्ग शहराला सत्तेचाळीस दिवसांचा वेढा पडला, तेव्हा तेथील ‘डेली सिटिझन’ भिंतीला लावावयाच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापला जाई. त्याच्या 2 जुलै 1863 च्या अंकात, ग्रँट ह्यांना विक्सबर्गमध्ये जेवावयाचे असेल तर आधी ससा पकडावा लागेल, अशा अर्थाची चेष्टा होती. 4 जुलैला शहर पडले. छापखान्यात शिरलेल्या उत्तरेच्या शिपायांना ते खिळे जुळविलेले तसेच सापडले. त्यांनी तळाशी आपली टीप जोडली, ससा सापडला आहे असे तीत कळविले, आणि अंक छापून काढला. हसू येते खरे. पण त्या चेष्टेच्या आड उपाशी शहर होते, आणि वाचकांना धीर देण्याच्या नादात संपादकाने त्यांना आदल्या दिवसापर्यंत अंधारात ठेवले होते, हे विसरता येत नाही.

ज्यांच्या मुक्तीचा प्रश्न होता, त्यांचा आवाज ह्या गलक्यात कोठे होता? तोही होता. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस युद्धापूर्वीपासून आपले पत्र चालवीत होते. मार्च 1863 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांना शस्त्र धरण्याचे आवाहन केले आणि स्वतःचे दोन पुत्र सैन्यात पाठविले. इतरांचे पुत्र धाडणाऱ्या घोषणेशी ह्याची तुलना करून पाहावी. सुमारे एक लक्ष ऐंशी हजार कृष्णवर्णीय त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि ह्यांना दहा, त्यातून कपड्यांचे तीन कापून, असा अन्याय चालला होता. ह्या शिपायांनी वृत्तपत्रांना पत्रे लिहून तो चव्हाट्यावर आणला. 1864 च्या जूनमध्ये विधिसभेला वेतन समान करावे लागले. आणि 1865 च्या एप्रिलमध्ये रिचमंड पडले, तेव्हा टॉमस मॉरिस चेस्टर हा कृष्णवर्णीय वार्ताहर दक्षिणेच्या विधिसभागृहात, सभापतींच्या खुर्चीवर बसून आपल्या पत्रासाठी मजकूर लिहीत होता.

आता एकच प्रसंग सांगतो आणि तो सांगताना मला फार शब्द वापरावयाचे नाहीत. 1863 च्या जुलैत गेटिसबर्ग येथे तीन दिवस लढाई झाली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे सॅम्युअल विल्किसन हकीकत लिहिण्यासाठी तेथे पोहोचले. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा बेयर्ड तोफखान्याचा अधिकारी होता. पहिल्याच दिवशी गोळ्याने त्याचा पाय चिरडला आणि शत्रूच्या ताब्यात गेलेल्या एका गरीबगृहात, वैद्याविना, तो मरण पावला. वडिलांना त्याचे शव सापडले. त्या शवाजवळ बसून ह्या माणसाने लढाईची हकीकत लिहिली. आरंभी त्याने आपले दुःख सांगितले, जेथे तोफा नेऊ नयेत तेथे त्या नेल्या गेल्या हेही सांगितले. आणि मग लढाई कशी झाली, कोण कसे लढले, ते शेवटपर्यंत नीट लिहिले. आपले दुःख त्याने लपविले नाही, आणि त्या दुःखाने वार्तेला वाकवूही दिले नाही. संजयालाही इतकी कठीण परीक्षा द्यावी लागली नव्हती.

ह्या दूरच्या युद्धाचा आपल्याशी संबंध नव्हता असे समजू नये. अमेरिकेचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या आणि गुजरातच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. अटलांटिकपलीकडची वार्ता तेव्हा बोटीने येई; लिंकन ह्यांची 14 एप्रिल 1865 रोजी हत्या झाली, ती लंडनला 26 एप्रिलला कळली. त्या वार्तेवर मुंबईचा बाजार चढे आणि पडे. तिकडे ज्या वार्तेने आईचा ऊर फुटे, तीच इकडे व्यापाऱ्याला भाव सांगे. शांतता झाल्याची वार्ता आली आणि मुंबईचे पेकाट मोडले. 1 जुलै 1865 हा देणी चुकविण्याचा दिवस कित्येक पेढ्यांचा अखेरचा दिवस ठरला. पण त्याच युद्धाची वार्ता आपल्याकडे एकाने निराळ्या कानांनी ऐकली होती. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. वार्ता एकच, कोणी तीतून भाव घेतो, कोणी भान घेतो.

युद्ध संपल्यावर वृत्तपत्रांनी केलेल्या एका कामाचा उल्लेख केल्यावाचून मला थांबवत नाही. फिलाडेल्फियाचे ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ आणि अशी इतर कृष्णवर्णीयांची पत्रे ह्यांत ‘माहिती हवी’ अशा मथळ्याच्या लहान लहान जाहिराती येऊ लागल्या. गुलामांच्या बाजारात विकली गेल्यामुळे ताटातूट झालेली आई, लेकरे, भावंडे ह्यांचा शोध त्यांतून चाले. नाव अमुक, धन्याचे नाव अमुक, शेवटचे पाहिले ते अमुक गावी. कोणास ठाऊक असेल तर कळवावे. देवळांतून ह्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखविण्यात येत. कित्येक दशके त्या येत राहिल्या. चार वर्षे वृत्तपत्रांनी मृतांच्या याद्या छापल्या होत्या. आता ती जिवंतांची नावे छापू लागली.

श्रोतेहो, ह्या साऱ्याचे तात्पर्य काय? यादवीच्या काळात वृत्तपत्र आग लावू शकते आणि वाट दाखवूही शकते. वृत्तपत्राने देशाशी द्रोह करावा असे कोणी म्हणणार नाही; सैन्याचा तळ कोठे आहे हे छापणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. पण आपल्या बाजूचा पराभव लपविणे म्हणजे देशभक्तीही नव्हे. आणि ह्या बाबतीत संपादकाला, वार्ताहराला, सरकारला आपण बोल लावतो तेव्हा चौथ्या एका माणसाला विसरतो. तो म्हणजे वाचक. रसेलला घालवून देणारे वाचकच होते. गोड वार्ता मागणारे, नावडती वार्ता फेकून देणारे आणि शहानिशा न करता ती शेजाऱ्याच्या कानात घालणारेही आपणच असतो. प्रत्येक वाचकात एक धृतराष्ट्र बसलेला आहे. त्याला आपल्याच पुत्रांचा विजय ऐकावयाचा असतो.

परंतु त्या आंधळ्या राजाच्या पदरी एक पुण्य होते. दहाव्या दिवशी भीष्मांच्या, पुढे द्रोणांच्या, कर्णाच्या आणि अखेर दुर्योधनाच्या पतनाची वार्ता सांगणाऱ्या संजयाला त्याने अखेरपर्यंत जवळ बसू दिले. तेवढे पुण्य आपणही जोडावे, एवढीच माझी विनंती आहे.